स्लॅबच्या जागी कौलं: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी वाढीव खोलीवरचा सपाट स्लॅब काढून उतरतं कौलारू छप्पर घालण्याबद्दलची पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण उंची, उतार आणि वजनाचा सगळा हिशेब त्यात आहे.

प्रश्न: गोराई गावठाणात आमचं तळमजला आणि वर एक मजला असं घर आहे. मागच्या अंगाला वाढवलेली खोली २० फूट लांब आणि मूळ भिंतीपासून १२ फूट बाहेर आलेली. तिच्यावरचा सपाट स्लॅब दोनदा वॉटरप्रूफिंग करूनही गळतो, खालून पापुद्रे पडून सळ्या उघड्या पडल्यात. स्लॅब पाडून मूळ भिंतीला टेकवून मंगलोरी कौलांचं एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उतरणारं, छप्पर घालू, असं गवंडी म्हणतो. स्लॅबचा माथा खोलीच्या जमिनीपासून १० फुटांवर, तर वरच्या मजल्याच्या दोन खिडक्यांचा खालचा कट्टा १३ फुटांवर आहे. दोन खिडक्यांमध्ये ८ फूट सलग भिंत आहे. कौलं किती लागतील?

उत्तर: कौलांचा आकडा शेवटी देतो. आधी उंची पाहू, कारण तुमच्या गवंड्यानं सांगितलेलं छप्पर या मापांत बसत नाही.

मंगलोरी कौलाला मुंबईच्या पावसात ३० अंशांचा उतार हवा. त्याखाली २६ अंशांपर्यंत फार तर जाता येईल. ३० अंशाला १२ फुटांच्या आडव्या अंतरात जवळजवळ ७ फूट चढ लागतो. आता तुमच्याकडे किती आहे ते मोजा. बाहेरची भिंत ८ फुटांपर्यंत उतरवली, त्याहून खाली दार-खिडकी बसत नाही. वर खिडकीचा कट्टा १३ फुटांवर. कट्ट्याखाली ४ इंच मोकळे, भिंतीवर चढणाऱ्या फ्लॅशिंगला (छप्पर-भिंतीचा जोड झाकणाऱ्या पत्र्याला) ६ इंच, आणि वासा, रीप (कौल अडकवायची आडवी पट्टी), कौल मिळून ८ इंच, हे वजा केलं की वाशाची खालची कड मूळ भिंतीपाशी साडेअकरा फुटांवर येते. म्हणजे चढ साडेतीन फूट. पाहिजेत सात, मिळतात साडेतीन. उतार होतो जेमतेम १६ अंश.

१६ अंशाला काय होतं? वरचं कौल खालच्या कौलावर साडेतीन इंच चढलेलं असतं. पाण्याला आत यायचं तर या साडेतीन इंचांतून वर चढावं लागतं. ३० अंशाला तो चढ उभ्या मापात पावणेदोन इंच असतो, १६ अंशाला एकच इंच. सरळ पडणारा पाऊस एवढ्यानंही अडतो, पण जुलैतली नैर्ऋत्येची झड पाण्याला एक इंच सहज ढकलते. कौलाची जात कितीही चांगली घेतली तरी यात फरक पडत नाही.

जुना स्लॅब तसाच ठेवून वर कौलं घालणं हा दुसरा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. तुमच्याकडे स्लॅबच १० फुटांवर आहे, त्यामुळे उरलेल्या उंचीत कौलाचा उतार मुळीच बसणार नाही. शिवाय सळ्या गंजलेला स्लॅब डोक्यावर ठेवून त्याला फक्त झाकणं धोक्याचं. खाऱ्या हवेत एकदा गंज धरलेली सळई झाकल्यावरही फुगत राहते.

मग मार्ग एक उरतो: आढं, म्हणजे छपराची सर्वांत वरची कड, फिरवा. भिंतीला समांतर एक पाखं न घालता आढं मूळ भिंतीला काटकोनात, खोलीच्या मधोमध घ्या, म्हणजे दोन पाखी उतरतील डाव्या-उजव्या अंगाला. आता प्रत्येक पाख्याचं आडवं अंतर १० फूट, चढ पावणेसहा फूट. आढ्याचा माथा साडेचौदा फुटांवर जाईल, म्हणजे खिडकीच्या कट्ट्याच्या वर, पण तो असेल दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर. कट्ट्याच्या पातळीला फ्लॅशिंग धरून छपराची रुंदी सुमारे ७ फूट भरते आणि तुमच्याकडे ८ फूट भिंत आहे. बसतं, पण दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचच राहतात. म्हणून आधी भिंतीवर खडूनं हा त्रिकोण पूर्ण मापात काढून बघा. वायरिंग, एसीचा पाइप, खिडकीची जाळी आड येते का ते तिथेच दिसेल. मूळ भिंतीलगत पन्हळ येईल असा आडव्या आढ्याचा नमुना कुणी सुचवला तर घेऊ नका. भिंत आणि पाखं यांच्या खोबणीतली पन्हळ जुलैत एकदा पानांनी तुंबली की पाणी थेट घरात.

आता पाडकाम. स्लॅबला हात लावण्याआधी जोडाजवळचा गिलावा खरवडून पाहा: वाढीव स्लॅबच्या सळ्या मूळ घराच्या स्लॅबमध्ये गेल्या आहेत का? गेल्या असतील तर दोन्ही स्लॅब एकमेकांना तोलून आहेत. बाहेरचा तोडला की आतला मधे झोक खाऊ शकतो. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून आतल्या स्लॅबला टेकू दिल्याशिवाय आणि जोडावर कटरनं सरळ काप घेतल्याशिवाय ब्रेकर चालवू देऊ नका. ब्रेकरचे हादरे जुन्या भिंतीत जातात.

वजनाचा हिशेब डोळे उघडणारा आहे. ५ इंची स्लॅब आणि त्यावरचा ४ इंची ब्रिकबॅट कोबा (वॉटरप्रूफिंगसाठी घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) मिळून तुमच्या खोलीवर सुमारे साडेअकरा टन बसले आहेत. कौलं भरतील कोरडी दीड टनाच्या आतबाहेर, लोखंड धरून दोन टन. पायाला आराम, हे खरं. पण तो साडेअकरा टनांचा भार भिंतींना वरून दाबून आणि एकमेकींना बांधून ठेवत होता. तो गेला की भिंतींचे माथे सुटे होतात, आणि वर येतं हलकं छप्पर, जे वारा उचलू शकतो. बांधकामाच्या मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. त्याचा दाब होतो चौरस मीटरला जवळपास ११८ किलो, तर कौलांचं वजन चौरस मीटरला ४५ किलोही नसतं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईच्या बाजूनं गेलं तेव्हा छपरं उडाली ती याच कारणानं.

म्हणून तिन्ही भिंतींच्या माथ्यावर ९ इंच रुंद, ६ इंच उंच काँक्रीटचा पट्टा बीम सलग फिरवा, त्यात १० मि.मी.च्या चार सळ्या. काँक्रीट ओलं असतानाच दर ४ फुटांवर १२ मि.मी.चे बोल्ट उभे सोडा. मागाहून भोक पाडून बसवलेल्या फास्टनरपेक्षा ते भरवशाचे. या बोल्टांवर कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, बसतील: १२ फुटांत ४ कैच्या, दर ४ फुटांना एक. कैचीचा खालचा आडवा दांडा कमी करून 'छत मोकळं दिसू दे' असं सांगू नका. तो दांडा नसेल तर वासे दोन्ही भिंतींना बाहेर रेटतात. आढ्याचं एक टोक मूळ भिंतीत खोचून कैच्या वाचवता येतात हेही खरं, पण मग सात-आठशे किलोंचा भार जुन्या भिंतीत एकाच जागी येतो. वाढीव खोलीचा पाया वेगळा, तो वेगळा खचतो. छप्पर स्वतःच्या भिंतींवर उभं राहू दे आणि मूळ भिंतीला फक्त शेजार असू दे.

कैच्यांवर रिपांचं अंतर ठरवताना पुस्तकातला आकडा वापरू नका. घेतलेल्या मालातली दहा-बारा कौलं जमिनीवर एकाखाली एक जोडा. एकदा ओढून ताणून माप घ्या, एकदा दाबून घ्या, दोन्हींच्या मधलं अंतर धरा. ते बहुधा साडेबारा इंचांच्या जवळ येईल. भिंतीबाहेर दीड फूट वळचण धरून तुमच्या पाख्याची लांबी साडेतेरा फूट ठेवली तर बरोबर १३ ओळी बसतात, आढ्यापाशी कौल कापावं लागत नाही. सर्वांत खालची रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी, म्हणजे पाऊण ते एक इंच, उंच घ्या. पहिल्या ओळीखाली टेकायला दुसरं कौल नसतं. रीप उंच नसेल तर ती ओळ नाक खाली घालते आणि दुसऱ्या ओळीखाली फट राहते.

पुढच्या बाजूला एक फूट छज्जा धरून दोन्ही पाखी मिळून सुमारे ३५० चौरस फूट. १०० चौरस फुटांना १५० कौलं, म्हणजे सव्वापाचशे. फुटतूट आणि पुढच्या वर्षांची सोय म्हणून ५८० घ्या. पुढे त्याच साच्याचा माल मिळेलच असं नाही. आढ्यावर बसणारी टोपीसारखी कौलं, म्हणजे कोने, १५ पुरे. रीप साडेतीनशे फूट. कौलाच्या मागच्या नाकाला भोक असतं, त्यातून स्टेनलेसची तार ओवून खालच्या दोन ओळी, कडेच्या ओळी आणि आढ्यालगतची ओळ रिपेला बांधा. मधल्या भागात एकाआड एक ओळ. गोराईत साधी तार फार काळ टिकत नाही. कोने बसवताना कौलं आणि कोने आधी भिजवा आणि सिमेंट-चुना-वाळूचा १:१:६ माल फक्त दोन्ही कडांना लावा. निव्वळ सिमेंटचा घट्ट माल आत ठासून भरला की तो तडकतो आणि तडे पाणी ओढून घेतात.

दोन्ही पाख्यांना ६ इंची पन्हळ, दर दोन फुटांवर ब्रॅकेट, कौलाची चोच पन्हळीत दोन इंच आत. तासाला १०० मि.मी. पाऊस झाला तरी एका पाख्याचं पाणी मिनिटाला २४ लिटरच्या आसपास. ३ इंची पाइप पुरतो, पण पानं अडकतात म्हणून ४ इंची घ्या. वरच्या गच्चीची पावळी या कौलांवर सोडू नका, ती पाइपानं थेट खाली आणा. आणि गावठाणातल्या बोळात पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर पडणार नाहीत एवढी पन्हळ आपल्या हद्दीत बसते का, हे वळचण ठरवण्याआधी मोजा. बसत नसेल तर वळचण आखूड करा.

काम दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलअखेर संपवा. रिकाम्या भिंती आणि उघडं घर मेपर्यंत राहिलं तर पुढचं सगळं घाईत होतं. एवढ्या राडारोड्यासाठी महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे. गावठाणाच्या बोळात मोठा ट्रक शिरत नाही, म्हणून गोण्या भरून नाक्यापर्यंत आणण्याची मजुरी वेगळी ठरवून घ्या.

प्रश्न: मुलुंडच्या आमच्या रो-हाउसच्या मागच्या खोलीवर गेल्या वर्षी एकपाखी कौलारू छप्पर घातलं. उतार २८ अंश आहे. साध्या पावसात थेंब नाही, पण वारा असला की मूळ भिंतीलगत ओघळ येतात. गवंड्यानं भिंतीच्या जोडावर सिमेंटचा वाटा (कोपऱ्यात भरलेला तिरका गिलावा) दोनदा केला. तरी तेच.

उत्तर: वाटा हेच कारण असण्याची शक्यता मोठी. गच्चीत कठड्याच्या पायथ्याशी वाटा चालतो, कारण तिथे दोन्ही भाग एकत्र हलतात. इथे कौलं आणि लोखंड उन्हानं रोज वाढतात-आकसतात, भिंत जागची हलत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात सिमेंट भिंतीपासून केसभर सुटतं आणि त्या फटीत पाणी थांबून राहतं. तिसरा वाटाही सुटेल.

पण फोडण्याआधी पाणी कुठून येतं ते पक्कं करा. कोरड्या दिवशी नळी घ्या, जोराची धार नको, पावसासारखं पाणी सोडा आणि खालून वर जा. आधी खालची कौलं १५ मिनिटं, मग वरची, मग जोड, आणि शेवटी जोडाच्या वरची भिंत. आत एक जण बॅटरी घेऊन बसवा. ओघळ कुठल्या टप्प्याला सुरू झाला ते लिहून ठेवा. उलट क्रमानं वरून सुरुवात केली तर काहीच कळत नाही, कारण पाणी सगळीकडूनच खाली येतं.

जोडाच्या टप्प्याला ओघळ आला तर वाटा काढून टाका. कौलाच्या ६ इंच वर भिंतीत एक इंच खोल सलग खाच पाडा, तिच्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्याची वरची कड दुमडून खोचा आणि पत्रा भिंतीवरून उतरवून कौलांवर किमान ६ इंच आणा, कौलाच्या चढउतारावर दाबून बसवा. खाच सिमेंटनं भरू नका, ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं. पॉलियुरेथेन सीलंट भरा. पत्रा भिंतीला पकडलेला आणि कौलांवर सुटा हवा, म्हणजे कौलं त्याखाली सरकू शकतील. एकच लांब पट्टी न घेता ६ फुटांचे तुकडे घ्या, जोडाला ४ इंच चढाव.

ओघळ शेवटच्या टप्प्याला आला तर मात्र फ्लॅशिंग कितीही नीट असलं तरी उपयोग नाही. पाणी वरच्या गिलाव्याच्या भेगांतून भिंतीच्या पोटात शिरतं आणि फ्लॅशिंगच्या मागून आत उतरतं. तुमची मूळ भिंत पश्चिमेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून असेल तर हाच संशय आधी धरा. भेगा व्ही आकारात उघडून भरा, खिडकीच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूनं ढाळ आणि खाली पाणी तुटायची खाच आहे का पाहा, आणि मगच बाहेरचा रंग.

प्रश्न: लालबागला पाडलेल्या चाळीची जुनी मंगलोरी कौलं स्वस्तात मिळतात. घ्यावीत का?

उत्तर: एकाच कारखान्याची, एकाच साच्याची असतील तर जरूर घ्या. बाझेल मिशननं १८६५ च्या सुमाराला मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर किनारपट्टीवर कितीतरी कारखाने निघाले, आणि प्रत्येकाची खोबण थोडी थोडी वेगळी. कौल उलटं करा, कारखान्याचं नाव किंवा खूण उठवलेली दिसेल. दोन खुणांची कौलं एका पाख्यावर मिसळली की खोबणी एकमेकींत बसत नाहीत. दोन खुणा असतील तर दोन पाख्यांना वेगळी वापरा.

ढिगातलं प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर भेग आहे. मागचं नाक तुटलेलं असेल तर टाका, ते रिपेवर अडकणारच नाही. मग पाच-सहा नमुने उन्हात कडकडीत वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात ठेवून फडक्यानं पुसून पुन्हा वजन करा. २ किलो ६०० ग्रॅमचं कौल ३ किलोपर्यंत गेलं तर ते पंधरा टक्के पाणी प्यायलं, चालेल. सव्वातीन किलो भरलं तर सोडा. शेवाळ तारेच्या नाही, काथ्याच्या ब्रशनं काढा. प्रेशर जेटनं कौलाची वरची भाजलेली साय निघून जाते.

प्रश्न: चारकोप गावठाणात पडवीवरच्या स्लॅबऐवजी कौलं घालायला महापालिकेची परवानगी लागते का? कंत्राटदार म्हणतो, ही दुरुस्ती आहे, काही लागत नाही.

उत्तर: लागते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ मध्ये टेनंटेबल रिपेअर्सना, म्हणजे राहत्या घराच्या किरकोळ दुरुस्त्यांना, नोटिशीतून सूट आहे, आणि त्या यादीत छप्पर त्याच साहित्यानं बदलणं येतं. त्याच कलमात सूट कशाला नाही तेही लिहिलं आहे: बांधकामाची आडवी-उभी मापं बदलणं, आधार देणारे भाग काढणं किंवा बदलणं, वेगळ्या साहित्यानं छप्पर करणं. तुम्ही तिन्ही करणार आहात. विनापरवाना केलं तर कलम ३५१ ची नोटीस येऊ शकते, आणि मग मूळ पडवी अधिकृत असल्याचे कागदही दाखवावे लागतात. म्हणून वॉर्ड ऑफिसात जाण्याआधी जुना असेसमेंट उतारा, मालमत्तापत्रक आणि आर्किटेक्टनं काढलेला आत्ताचा व नंतरचा छेद (उभा काप दाखवणारा नकाशा), ज्यात उंची आकड्यांत लिहिलेली आहे, असा संच करा. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमनाच्या नकाशावर आपलं घर कुठे येतं ते आर्किटेक्टकडून पाहून घ्या. गिरगावच्या खोताच्या वाडीसारख्या हेरिटेज परिसरात असाल तर ती परवानगी वेगळी.

प्रश्न: मनोरीला समुद्राकाठी कैच्या लाकडाच्या कराव्यात की बॉक्स पाइपच्या?

उत्तर: चांगलं सुकलेलं ऐन किंवा किंजळ मिळत असेल आणि जाणता सुतार असेल तर लाकूड. भिंतीत जाणारी टोकं मात्र वाळवीच्या औषधात भिजवून घ्या आणि सभोवती हवा खेळायला जागा ठेवा. बॉक्स पाइप घ्यायचा तर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड आणि ३ मि.मी. जाडीचा. बाहेरून रेड ऑक्साइड कितीही मारलं तरी पाइप आतून गंजतो. म्हणून प्रत्येक उघडं तोंड पट्टी वेल्ड करून बंद करा आणि त्याच दिवशी वेल्डची जागा ब्रशनं घासून झिंक-रिच प्रायमर लावा. कारागीर हे काम 'रंगाच्या वेळी करू' म्हणून ढकलतात, पण खाऱ्या हवेत वेल्डवर दुसऱ्या सकाळी तांबूस पूड दिसते आणि तिच्यावरून मारलेला रंग पहिल्याच पावसाळ्यात सुटतो.